बोरघाटाच्या गोष्टी: वहीपासून पुस्तकापर्यंत

बोरघाटातल्या रेल्वेबद्दल वाचायला घेतलं की आकडे लगेच हाताशी येतात. पळसदरीपासून वर लोणावळ्यापर्यंत सुमारे सोळा मैलांची चढण, १८३१ फुटांचा उठाव, २५ बोगदे, सर्वांत अवघड जागी ३७ फुटांमागे एक फूट चढ. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाटातून धावली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचं नाव सगळीकडे भेटतं, ठेकेदारांचीही भेटतात. पण १८६१ साली या घाटात ४२,००० हून अधिक माणसं एका वेळी राबत होती, त्यांच्यापैकी कुणाचं नाव शाळेतल्या कुठल्या पुस्तकात वाचल्याचं मला आठवत नाही.

आमच्या गुरुजींच्या गोष्टींत ती माणसं आहेत. नावं गुरुजींनी दिलेली, पण माणसं खरी. कर्जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं. मलाही चौथीला तेच होते. त्यांचे वडील रेल्वेत गँगमन, आणि पणजोबा घाटाच्या कामावर खडी फोडायला होते. पणजोबांनी आजोबांना सांगितलं, आजोबांनी लहानग्या नातवाला. त्या ऐकीव गोष्टींवर गुरुजी निवृत्तीनंतर लिहीत राहिले. काही गोष्टी तालुक्यातल्या दिवाळी अंकांत आल्या, बाकीच्या वह्यांत पडून होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "आता ह्या तू वाच. मला माझंच अक्षर दिसत नाही."

वह्यांचं पुस्तक कसं झालं ते इथे मांडते आहे. गावोगावी असे लिहिणारे असतात. त्यांच्या वह्या माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असतात आणि पुढच्या पिढीच्या घरबदलात रद्दीत जातात. कुणाच्या घरी अशा वह्या असतील तर त्यांना यातलं काही उपयोगी पडावं.

डाव्या पानांचं महत्त्व

काळ्या कापडी पाठीच्या मोठ्या वह्या होत्या. उघडल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं ते हे की गुरुजींनी गोष्ट फक्त उजव्या पानावर लिहिली होती. डावं पान रिकामं, आणि त्यावर बारीक अक्षरात, वेगळ्या शाईनं, नंतर केव्हातरी घातलेल्या नोंदी. 'चुलता, पळसदरी, होळीच्या दिवशी.' 'आजोबा. दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा सारखंच.' 'खोपोलीच्या म्हातारीकडून, तिचे आजे डोलीवाले.' एका ठिकाणी तर बोगद्याच्या तोंडाचं पेन्सिलनं काढलेलं चित्र होतं. वर दोर बांधायचं झाड, खाली लोंबकळणारा माणूस, आणि बाजूला लिहिलेलं: 'झाड कोणतं? विचारणे.'

कोणती गोष्ट कुणाकडून आली याचा सगळा हिशेब त्या डाव्या पानांवर होता. म्हणून टंकायला बसण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो घेतला, डाव्याचाही, रिकाम्या असलेल्या डाव्याचासुद्धा. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. फोटोंना वहीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक दिला. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते आधीच करावं, कारण पानं उलटता उलटता शिवण सुटते आणि एकदा सुटी पानं झाली की कुठलं डावं पान कुठल्या गोष्टीचं हे लेखकालाही सांगता येत नाही.

टंकलेखन मी मोबाईलवर बोलून करून पाहिलं. निवेदनाचा भाग ठीक उतरतो. संवाद उतरत नाहीत, कारण गुरुजींची माणसं कर्जत-खालापूरच्या बोलीत बोलतात आणि यंत्र ती परस्पर शुद्ध करून टाकतं. "कुठं चाललाव?"चं "कुठे चालला?" होतं. तेव्हा संवाद हातानं टंकले. संध्याकाळी गुरुजींच्या ओटीवर बसून दिवसभरात केलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं, असा परिपाठ पडला. काकू चहा ठेवून तिथेच बसायच्या, आणि गुरुजींपेक्षा त्यांचेच कान जास्त तिखट. "ती असं बोलणार नाही," एवढंच म्हणायच्या. नव्वद टक्के वेळा त्यांचं बरोबर असायचं.

दोर

पहिली गोष्ट 'दोर'. बोगद्याचं तोंड कुठं येणार हे सरळसोट कड्यावर आखायचं आहे, तिथं पाय ठेवायला जागा नाही. मग वरून दोर सोडून माणूस खाली उतरवायचा, त्यानं लोंबकळत खुणा करायच्या. गोष्टीतला पोरगा सोळा वर्षांचा आहे, वजनानं हलका म्हणून त्याला निवडलंय, आणि दोर धरणाऱ्यांत त्याचा मामा आहे. सबंध गोष्ट मामाच्या तळहातांची आहे. दोर सरकतो तेव्हा कातडी कशी भाजते, ओला दोर आणि कोरडा दोर यांत काय फरक, वरच्यांना खालचा दिसत नाही तेव्हा हाक कशी द्यायची, हे सगळं त्यात आहे.

दोरानं माणसं उतरवण्याची गोष्ट कागदोपत्रीही आहे. बर्कले यांनी १८६० मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे या रेल्वेवर सविस्तर निबंध वाचला होता. या घाटाची आखणी किती धोक्याची होती हे तेव्हाच्या लिखाणात येतं. मी ते गुरुजींना वाचून, मराठीत सांगून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "त्यात दोर धरणाऱ्याचं काही आहे?" मी म्हटलं, नाही. "मग आपलं राहू दे."

तपासायचं काय आणि सोडायचं काय, याचा माझा नियम त्या संध्याकाळी ठरला. साल, जागा, कामाची रीत, पगाराची पद्धत हे पडताळायचं, आणि तिथे चूक असेल तर दुरुस्त करायची. माणसाच्या मनातलं, हातातलं, तोंडातलं जे काही आहे त्याला कागदाचा दाखला मागायचा नाही. ते पिढ्यांच्या आठवणीतून आलंय आणि तेवढ्यासाठीच या गोष्टी छापायच्या आहेत.

सुरुंगाच्या वर्णनात मात्र गुरुजींच्या वडिलांच्या काळातली भर पडली होती. बोरघाटाचा काळा पाषाण पहार आणि घणानं भोकं पाडून, त्यांत बंदुकीची दारू ठासून फोडला गेला. डायनामाइटचं एकस्व, म्हणजे पेटंट, आल्फ्रेड नोबेल यांनी घेतलं ते १८६७ मध्ये, म्हणजे घाट खुला झाल्यावर चार वर्षांनी. गोष्टीत एका ठिकाणी डायनामाइटची पेटी होती, ती काढून तिथे दारूचं पिंप ठेवलं. पावसाचंही तसंच. एका गोष्टीत ऐन श्रावणात कड्यावर हजार माणसं काम करताना होती. पावसाळ्यात उघड्यावरचं काम थांबे आणि बहुतेक मजूर गावाकडे पेरणीला जात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या परत येत. गुरुजींनी तो प्रसंग ओढून माघात नेला. थंडीनं बोटं वाकत नाहीत असं एक वाक्य तिथे नव्यानं आलं आणि ते मूळच्या पावसापेक्षा चांगलं उतरलं आहे, असं माझं मत आहे.

डोली

या गोष्टीचा काळ आज कुणाला फारसा ठाऊक नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. मुंबईहून खोपोलीपर्यंतची गाडी १८५६ च्या मे महिन्यात सुरू झाली. वर खंडाळ्याहून पुण्याला गाडी सुरू झाली १८५८ च्या जूनमध्ये. मधला घाट मोकळा. म्हणजे तब्बल पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरायचा, घाट डोलीतून, तट्टावरून, बैलगाडीतून नाहीतर पायी चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. त्या पाच वर्षांत खोपोली हे केवढं तरी गजबजलेलं ठाणं झालं. हमाल, डोलीवाले, तट्टूवाले, खानावळी. १८६३ च्या मे महिन्यात घाटातून गाडी सुरू झाली आणि ती गर्दी पांगली. थेट गाडी पळसदरीवरूनच वर वळायला लागली. आज खोपोली म्हणजे पळसदरीहून फुटलेला लोकलचा शेवटचा थांबा.

गुरुजींचा डोलीवाला या पाच वर्षांत आधी कधी मिळवला नव्हता एवढा पैसा मिळवतो, घर शाकारतो, मुलीचं लग्न ठरवतो. आणि दिवसा ज्या घाटातून तो साहेब-मडमांना खांद्यावरून नेतो, त्याच घाटात त्याचा धाकटा भाऊ बोगदा खणतोय. बोगदा पुरा झाला की थोरल्याचा धंदा बसणार, हे दोघांनाही माहीत आहे, आणि घरात कुणी बोलत नाही. भावाभावांत त्यावरून एकदाच शब्द होतो, तोही जेवताना, मिठावरून. ही माझी सर्वांत आवडती गोष्ट. पहिल्या खर्ड्यात थोरला १८५७ च्या दिवाळीत खंडाळ्याला गाडीचा धूर पाहतो असं होतं. तारखा जुळेनात, तेव्हा दिवाळी एक वर्षानं पुढे नेली. मुलीचं वयही एकानं वाढवावं लागलं. काकू म्हणाल्या, "बरं झालं. फार लहान होती."

उचल

पुस्तकातली सर्वांत मोठी गोष्ट 'उचल', आणि सर्वांत जास्त काम तिच्यावरच पडलं.

घाटाच्या कामाला माणसं यायची ती मुकादमामार्फत. मुकादम गावात जाऊन उचल वाटायचा, टोळी उभी करायचा, बायका-पोरांसकट घाटात आणायचा. पुरुष खणायचे, बायका पाट्या वाहायच्या. वडारांच्या टोळ्या मातीकामात आणि दगडात तरबेज. मुख्य ठेकेदार साहेब, त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्याखाली मुकादम, आणि सगळ्यांत खाली टोळी. पैसा वरून खाली येताना प्रत्येक हातात थोडा अडकायचा. गोष्टीतला मुकादम सोलापूरकडचा आहे. महिना संपतो, पगार येत नाही. दुसरा महिना जातो. टोळीतली माणसं त्याच्याच भाऊबंदांतली, ती त्याच्या झोपडीपुढे येऊन बसतात. मारत नाहीत, बोलत नाहीत, नुसती बसून राहतात. तिसऱ्या दिवशी सगळे मिळून साहेबाच्या तंबूकडे निघतात.

डाव्या पानावर नोंद होती: 'आजोबा. म्हणाले, मोठी मारामारी झाली होती पगारावरून. साल माहीत नाही.'

ही मारामारी शोधायला मी मुंबईला गेले. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याच्या पुराभिलेख विभागाचं दफ्तर आहे आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक जुने खंड तिथे आहेत. जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. ओळखपत्र आणि कामाचं स्वरूप सांगणारं पत्र बरोबर ठेवावं. आणि गावांची इंग्रजांनी केलेली स्पेलिंगं आधी गोळा करून न्यावीत. खोपोलीचं त्यांनी 'कॅम्पूली' केलं आहे, बोरघाटाचं 'भोर घाट'. आपल्या उच्चारानं सूची चाळत बसलं तर हाती काही लागत नाही. पेन्सिल न्यावी, पेन नको. आणि घाई असेल त्या दिवशी जाऊ नये.

मारामारी खरी होती. १८५९ च्या जानेवारीत, फेव्हियेल या ठेकेदाराच्या कामावर, थकलेल्या पगारावरून मजूर आणि युरोपियन देखरेखदार यांच्यात हिंसक झटापट झाली. पुढे दोन-तीन महिन्यांत फेव्हियेल यांनी ठेकाच सोडला आणि मधले काही महिने कंपनीनं स्वतः काम चालवलं. गुरुजींच्या आजोबांनी साल सोडून बाकी सगळं नीट सांभाळून ठेवलं होतं.

त्याच काळात दोन कायदे झाले. १८५९ चा तेरावा कायदा: उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिरावर, मजुरावर फौजदारी. तो आधी कलकत्ता, मद्रास, मुंबई या शहरांसाठी होता, पुढे इतरत्र लावत गेले. आणि १८६० चा नववा कायदा: रेल्वे आणि तशा सार्वजनिक कामांवर मजूर आणि मालक यांच्यातले पगाराचे तंटे झटपट निकालात काढण्यासाठी. मी हे गुरुजींना वाचून दाखवलं तेव्हा ते ताठ बसले. म्हणाले, "म्हणजे उचल बुडवणाऱ्याला तुरुंग आधी. पगार बुडवणाऱ्याला जाब नंतर."

मी सुचवलं, गोष्टीखाली टीप देऊ. गुरुजींना ते पसंत पडलं नाही. "टीप वाचायला माणूस खाली जातो आणि टोळी वर थांबून राहते." शेवटी त्यांनी एकच वाक्य बदललं. पूर्वी मुकादम गोष्टीच्या अखेरीला पळून जायचा. आता पळत नाही. पळाला तर उचलीचा कागद त्याच्या मागे येईल हे त्याला कळतं, आणि तो टोळीच्या पुढे होऊन चालू लागतो. त्या एका बदलानं सबंध गोष्ट उभी राहिली. कागदपत्रं गोष्टीच्या मुळावर येतात, असं पुष्कळांना वाटतं. चांगला लेखक कागदातून माणसाची कोंडी उचलतो आणि बाकीचा कागद तिथेच ठेवतो, हे मी इथे डोळ्यांनी पाहिलं.

मडम आणि धनगर

कंपनीनंतर ठेका सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतला. हिंदुस्थानात येऊन काही आठवड्यांतच, १८५९ संपता संपता, ते आजारानं गेले. घाटात पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, मजुरांचीही फार माणसं जात होती. ट्रेडवेल यांच्या पत्नी अॅलिस यांनी ठेका सोडला नाही. अनुभवी व्यवस्थापक नेमून त्यांनी काम पुढे नेलं आणि घाट पुरा झाला तो त्यांच्याच ठेक्यात. एकोणिसाव्या शतकात एवढ्या मोठ्या बांधकामाचा ठेका एका बाईच्या नावावर होता, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

गुरुजींच्या गोष्टीत ही मडम घोड्यावरून येते, हातात चाबूक घेऊन. तिला पाहते एक पाणी वाहणारी बाई, जिचा नवरा पटकीनं गेलाय आणि जी त्याच्या जागेवर टोळीत राहिली आहे. दोन विधवा समोरासमोर, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मी विचारलं, "गुरुजी, घोडा आणि चाबूक आजोबांनी सांगितला?" त्यांनी आठवून आठवून सांगितलं, "घोडा सांगितला. चाबूक मी घातला." चाबूक गेला. घोडा राहिला. पाणीवाली आता मडमेच्या हाताकडे पाहते तर त्यात लगाम आहे आणि हातमोजा एकाच हाताला आहे, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

शिंगरोबाची गोष्ट जास्त नाजूक. खंडाळ्याच्या घाटात जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. गाड्यावाले आजही जाता जाता तिथे पैसा टाकतात. इंग्रजांना घाटाची वाट सापडेना, ती या धनगरानं दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि त्याला गोळी घातली गेली, ही दंतकथा आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. कुणी ती रस्त्याची म्हणून सांगतं, कुणी रेल्वेची म्हणून. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, रेल्वेचं काम त्यानंतर पंचवीस वर्षांनी सुरू झालं. गुरुजींनी आधी ती रेल्वेची म्हणून, घडलेला प्रसंग म्हणून लिहिली होती. मला वाटत होतं की दंतकथेला तारखेच्या खुंटीला बांधलं की तिचाही जीव जातो आणि तारखेचाही. आमचं यावर बरंच बोलणं झालं. त्यांनी ती पुन्हा सांगून लिहवली. आता घाटातल्या मजुरांच्या वस्तीत, रात्री शेकोटीपाशी, एक धनगर टोळीला ती सांगतो, आणि ऐकणाऱ्यांत एकजण विचारतो, "मग आपण ही वाट कुणासाठी खणतोय?" त्याला कुणी उत्तर देत नाही. पहाटे भोंगा व्हायच्या आत सगळे उठून कामाला लागतात. भोंग्याबद्दल खात्री नव्हती म्हणून तिथे नंतर मुकादमाची हाक केली.

जागा पाहणं

गोष्टींतल्या जागा एकदा नजरेखालून घालाव्यात म्हणून मी घाटातून गाडीनं जाऊन आले, दोन्ही दिशांनी. चढताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, सबंध गाडीला एक हलका हिसका बसतो आणि मग ती ढकलल्यासारखी वर निघते. उतरताना गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी, जामब्रुंग इथे ब्रेक तपासण्यासाठी क्षणभर थांबतात. तेवढ्यात बोगद्याच्या तोंडाशी दगडाकडे नीट पाहिलं तर हत्यारांचे वळ दिसतात. मी खिडकीतून पाहिले. तिरपे, एकाखाली एक, काळ्या दगडात पावसाचं पाणी मुरून जास्तच काळे झालेले. एका ठिकाणी वळांची दिशा मध्येच उलटी होते. परत येऊन गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "डावखुरा असेल. नाहीतर पाळी बदलली असेल." आणि लगेच, "हे लिहून ठेव."

रुळांवरून चालत जाऊन पाहायचा मोह कुणी करू नये. ते बेकायदा आहे, आणि घाटातल्या बोगद्यांत अंग चोरायला जागा शोधत बसावं लागेल अशी अवस्था आहे. राजमाची पॉइंटवरून पाहिलं तरी घाटाचा आवाका कळतो. जुनं रिव्हर्सिंग स्टेशन गुरुजींना फार दाखवायचं होतं. डोंगराची सोंड इतकी अरुंद की गाडीला वळण घेता येईना, म्हणून तिथे गाडी थांबवून इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या दिशेनं वर निघायची. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून ते बंद केलं. त्याच्या शेजारचा अमृतांजन पूलही २०२० मध्ये पाडला.

शेवटची गोष्ट आणि छपाई

'महूची मळी' ही गोष्ट अर्धीच होती. १८६७ च्या जुलैत, घाट खुला होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती तेव्हा, त्या नावाचा मोठा कमानी पूल भर पावसात कोसळला. दगडी बांधकामातच दोष होते. कंपनीला त्यानंतर आपल्या बांधकामांची झाडाझडती घ्यावी लागली. गुरुजींच्या गोष्टीत त्याच पुलावर पूर्वी राबलेला पाथरवट आता गस्तीवर आहे. कुठल्या खांबात निकृष्ट चुना गेला ते त्याला पहिल्यापासून माहीत आहे. घातला तोही त्याच्याच हातानं, कारण मुकादमानं तसं सांगितलं होतं. वहीत गोष्ट इथे तुटते. शेवट गुरुजींनी तोंडी सांगितला. मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि मग उतरवलं. दोन्ही करावं. नुसतं ऐकत लिहिलं तर लेखकाचा श्वास कुठे थांबला ते निसटतं, आणि परिच्छेद तिथेच पडायचा असतो.

छपाईचं थोडक्यात सांगते. लेखक हयात असताना लेखी परवानगी घ्यावी. स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं वारसांकडे असतो, तेव्हा वारसांनाही आधीच विश्वासात घ्यावं. सगळं युनिकोडमध्ये टंकावं. मुद्रकाकडे जुन्या फॉन्टमध्ये बदललं गेलं की 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' हमखास फुटतात, आणि आमच्या पुस्तकात तर 'खणणाऱ्या', 'वाहणाऱ्या', 'फोडणाऱ्या' माणसांशिवाय दुसरं काही नाही. त्यामुळे शेवटचं मुद्रित फक्त तेवढ्यासाठी पुन्हा वाचलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन राय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो, स्वतः छापणाऱ्यालाही मिळतो. पुस्तक निघालं की कायद्यानं ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. त्यांत मुंबईच्या टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. हे टाळू नये, कारण घरातल्या प्रती संपतात, तिथली राहते.

मुखपृष्ठावर इंजिन नको, हे गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांच्या वहीतलं दोराचं पेन्सिलचित्र आम्ही तसंच घेतलं, 'झाड कोणतं? विचारणे' या ओळीसकट.

पुस्तक खोपोली, कर्जत, लोणावळ्यात हातोहात गेलं, आणि आता माणसं आपणहून येतात. एक बाई आल्या, त्यांच्या आजेसासऱ्यांकडे खंडाळ्याच्या बाजूला तट्टं होती. एक निवृत्त पॉइंट्समन आले, त्यांनी रिव्हर्सिंग स्टेशनवर ऐकलेल्या हकिकती सांगितल्या. त्या मी नव्या वहीत घेते आहे, उजव्या पानावर गोष्ट, डाव्या पानावर कुणी सांगितली ते.

गुरुजींच्या शेवटच्या वहीत थळ घाटाच्या काही गोष्टी आहेत, पण विस्कळीत. त्या घाटाचं काम १८६५ मध्ये पुरं झालं. गुरुजींच्या आजीचं माहेर तिकडचं, म्हणून त्या आल्या असाव्यात. कसारा, इगतपुरी, घोटी भागात कुणाच्या घरी थळ घाटातल्या बोगद्यांच्या, एहेगावच्या पुलाच्या कामाच्या आठवणी सांगणारं वडीलधारं माणूस असेल तर मला जरूर कळवा. मी येऊन ऐकेन, आणि गुरुजींनाही गाडीत बसवून आणेन. ते तयार आहेत.